जे आहे ते वाच

“झोपली की उठतच न्हाई, का उठतीय पण तोंड दाखवत न्हाई?” अण्णांनी विचारलं.

वृषभने दुसऱ्या गोष्टीला मान डोलावली.

अण्णा वाट बघत राहिले. मग म्हणाले, “तोंडानं बोल की रं. मुंडी हलवायला तू काय नंदीबैल हाईस?”

“उठते,” वृषभ म्हणाला. “पंखे फिरतात. स्क्रीन तेवढी काळी राहते. मग बटण दाबून मारायची आणि पुन्हा सुरू करायची.”

“आणि चित्राचं काय?”

“साधे व्हिडिओ चालतात. कुलपातले चालत नाहीत. आवाज येतो, चित्र नाही.”

“किती दिवस झालं?”

“अकरा.”

“अकरा दिवस…” अण्णा म्हणाले, आणि पुढे काही बोललेच नाहीत.

ते गप्प बसणं वृषभला झोंबलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

आता हे अण्णा कोण, ते आधी ऐका. भूपाल चौगुले, राहणार जयसिंगपूर. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं करत करत चाळीस वर्षं या माणसाने सोल्डरिंगचा धूर नाकात घेतला. उतारवयात त्यांना एक नाद लागला. बाजारातले सुटे भाग आणायचे, त्यांची मशीन जोडायची आणि तिच्यावर मॅकची सिस्टीम चढवायची.

मॅकची सिस्टीम म्हणजे मोठी मानी बाई. आपल्या घराण्यातलीच मशीन असेल तर आत पाऊल टाकणार. म्हणून मशीनला आधी पढवावं लागतं, की बाई गं, तू कोण असं विचारलं तर अमुक मॉडेल आहे म्हणून सांग. ते नाव बेमालूम जमलं तर ठीक. नाही जमलं, तर मशीन दिवसभर गुणाची राहते आणि नेमकी दोन ठिकाणी दगा देते. झोपवली तर नीट उठत नाही. आणि कुलूप लावलेला व्हिडिओ लावला तर पडदा काळा. हल्लीच्या मालिका, सिनेमे सगळे कुलपातच येतात ना! समोरची मशीन भरवशाची वाटली तर चित्र देतात, नाहीतर नुसता आवाज ऐकत बसा.

या दोन दुखण्यांत अण्णांचा हात धरणारा सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कोणी नव्हता.

वृषभ मगदूम हा त्यांचाच शिष्य. चार वर्षं त्यांच्या बाकावर बसून शिकला, मग पुण्याला गेला. दोन वर्षांत तिथे नाव झालं आणि गड्याला पुण्याचं पाणी लागलं. “अण्णांनी शिकवलं” हे शब्द तोंडातून गेले, “मी शिकलो” हे आले. बोली बदलली, चपला बदलल्या, गावी येणं बंद झालं. पण पोरगा मुळात वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. वाईट असता तर ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती.

तर कोल्हापुरात इनामदार बाईंचा डबिंगचा स्टुडिओ आहे. तिथे चौदा मशिनी, सगळ्या अशाच जोडलेल्या. त्यांची वर्षाची देखभाल बाईंना एकाच माणसाकडे सोपवायची होती. त्यांनी चौदांतली सगळ्यात द्वाड मशीन निवडली आणि वृषभच्या पुढ्यात ठेवली. ही सरळ कर, चौदाही तुझ्या.

अकरा दिवस तो तिच्याशी झटला. बाराव्या दिवशी बाईंचा फोन आला.

“वृषभ, तू ती तुझ्या अण्णांकडे घेऊन जा. त्यांनी सरळ केली, तर काम त्यांना देणार मी. त्यांनाही नाही जमलं, तर दोष मशीनचा धरू आणि काम तुझं.”

म्हणजे बघा पेच. पोरगा गुरूच्या दारात आला होता तो गुरूला यश येऊ नये अशी मनोमन इच्छा धरून. वर पुन्हा ती इच्छा स्वतःपाशीसुद्धा कबूल करत नव्हता.

रिक्षातून मशीन उतरवताना त्याने पाहिलं, तर दुकानाची पाटी काढलेली. शटरच्या कुलपाला गंज चढलेला. आभाळ भरून आलं होतं, आणि साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळ्या गल्लीत कोंडला होता. बाजूच्या दाराने अक्कांनी त्याला आत घेतलं. अक्का म्हणजे अण्णांच्या बायको.

“आलास? बरं झालं बाबा. बाईंचा फोन आलता. परवाधरनं वाट बघायलेत तुझी. आज सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढायला लावला.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “लई दिवसांनी कुणीतरी काम विचारलंय रे त्यांना. दिवस दिवस गप्प बसत्यात…”

“का? दुकान का बंद केलं?”

अक्कांनी पदराने हात पुसले. “त्यांनाच विचार,” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

वृषभने विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायचंच नव्हतं. इस्त्रीच्या शर्टाचंही त्याला ऐकायचं नव्हतं.

अण्णा मागच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसले होते. तोच जाड भिंगांचा चष्मा. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. समोर बाक, बाकावर काही नाही. जिथे एका वेळी चार-चार मशिनी उघड्या पडलेल्या असायच्या, तिथे आता धूळसुद्धा पुसून घेतलेली.

“जोड,” अण्णा म्हणाले.

त्याने केबली जोडल्या, स्क्रीन लावली, बटण दाबलं. मशीन सुरू झाली.

अण्णांची काम करायची एक तऱ्हा होती, ती पंचक्रोशीत ठाऊक होती. शिष्य समोर असताना ते कीबोर्डला बोट लावत नसत. स्क्रीनकडे बघत नसत. ते मशीनच्या अंगावर हात ठेवून बसायचे, आणि शिष्याने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं. एकच नियम होता. जे आहे ते वाच, तुला वाटतंय ते नको. पहिल्या वर्षी वृषभने एकदा “इथे काहीतरी एरर आहे” असं वाचलं होतं. अण्णांनी त्याला दिवसभर दुकानाबाहेर बसवलं होतं. ‘काहीतरी’ नावाची एरर बाजारात मिळत नाही, म्हणाले होते.

आज अण्णांनी हात पुढे केला, बाकाची कड चाचपली, मग कॅबिनेटची उघडी बाजू. बोटं आत गेली, पंख्याला चुकवून चित्राच्या कार्डावर टेकली.

“लाव. कुलपातला.”

वृषभने बाईंच्याच स्टुडिओत मराठी केलेली एक मालिका लावली. एक बाई कुणाला तरी साद घालत होती. दूरवर कुत्रं भुंकलं.

“पडद्यावर काय हाय?”

“काळं.”

“सगळं काळं?”

“खाली वेळेची पट्टी आहे. ती सरकतेय. बाकी काळं.”

“हं…”

मालिकेतली बाई साद घालतच होती.

“कार्ड गार हाय,” अण्णा म्हणाले.

“गारच असणार. चित्रच येत नाहीये.”

“आवाज येतोय. पट्टी पुढं सरकतीय. म्हंजे कुणीतरी व्हिडिओ उलगडायच्या खटपटीत हाय. कार्ड तर गार. मग खटपट कोण करतंय?”

वृषभ उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की अकरा दिवसांत हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नव्हता. त्याने नवे प्रोग्रॅम चढवून पाहिले, जुने काढून पाहिले, परदेशातल्या लोकांनी लिहिलेले उपाय रात्री-बेरात्री वाचले. पण गार काय आणि गरम काय, हे हात लावून पाहिलं नव्हतं.

“मशिनीला नाव कुठलं दिलंस?”

त्याने सांगितलं. सगळ्यात वरच्या मॉडेलचं नाव. डौलदार.

“त्या मॉडेलात प्रोसेसरच्या पोटात चित्राची चिप असती?”

“नसते. त्यात फक्त मोठं कार्ड.”

“आणि हिच्या पोटात?”

“आहे एक. छोटी.”

“चालू ठेवलीस?”

“चांगली चिप आहे अण्णा! बंद कशाला करायची? असलेली ताकद वाया कोण घालवेल?”

“एका म्यानात दोन तलवारी…” अण्णांनी म्हण अर्धीच सोडली. “नाव अशा बाईचं सांगितलंस जिला पोटात चिप न्हाई, आणि पोटात चिप जागी ठेवलीस. कुलपवाला येतो, वळख विचारतो. दोघी एकदमच ‘ओ’ देत्यात. त्यो किल्ली कुणालाच देत न्हाई. झोपवायला जावं तर मोठी निजती, धाकटी जागीच. उठताना दोघींचा घोळ. बंद कर धाकटीला.”

“एवढंच?”

“एवढंच असंल असं वाटतंय. बघू की.”

वृषभच्या तोंडाची चव गेली. हे चुकीचं निघावं, असं त्याला वाटलं. आणि ते चुकीचं निघणार नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं, कारण ऐकल्याबरोबर सगळं जागच्या जागी बसलं होतं. आपल्या डोक्यात हे का आलं नाही? तर हाव! अंगात आहे ते सगळं एकाच वेळी चालू हवं होतं त्याला.

त्याने मशीन बंद केली, पुन्हा सुरू केली, सुरुवातीच्या सेटिंगची पानं उघडली आणि ओळ ओळ वाचत गेला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

अक्का चहा घेऊन आल्या. वृषभचा कप त्यांनी बाकावर ठेवला. अण्णांचा कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवून घेतली. म्हातारपणी काय एकेक लाड, असं वृषभच्या मनात आलं.

“वृषभ,” चहाचा घोट घेऊन अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम निराळा झाला होता, जरा लाजल्यासारखा. “हे जमलं तर बाई काम मला देणार म्हणत्यात. चौदा मशिनी हाईत. मला एकट्याला… म्हंजे असं, की तू येशील काय? वाचायला?”

“वाचायला?”

“तुझा आवाज साफ हाय. वाचताना मधलं गाळत न्हाईस. मी सांगीन, तू वाच. पूर्वीगत.”

वृषभच्या कानशिलांत रक्त चढलं. वाचायला! पुण्यात त्याच्या हाताखाली दोन माणसं होती. कोल्हापूरच्या स्टुडिओत चौदा लोकांसमोर, आवाज साफ आहे म्हणून, आपण पाट्या वाचत बसायचं! आणि लोकांनी म्हणायचं, तो बघा अण्णांचा पोपट.

“बघू,” तो म्हणाला.

“बघ. घाई न्हाई.”

छोटी चिप बंद करणारी ओळ सापडली. वृषभने ती वाचली, बदलली, जतन केली. मशीन पुन्हा सुरू झाली. अण्णांनी कप पायाशी जमिनीवर ठेवला आणि हात परत कार्डावर नेला.

“लाव.”

त्याने तीच मालिका लावली.

चित्र आलं.

काळ्यातून एकदम हळदीचं शेत उघडलं. काढणीला आलेली, पिवळी पडलेली पानं, आणि मधोमध उभी राहून साद घालणारी बाई. तिच्या नाकातली चमकी, गळ्यावरचा घाम, सगळं दिसत होतं. अकरा दिवस जी नुसती ऐकू येत होती ती बाई समोर उभी होती, आणि स्क्रीनचा पिवळा उजेड खोलीभर पसरला.

वृषभचे दात आवळले गेले होते. आपले अकरा दिवस, आणि याचा एक घोट चहा. चौदा मशिनी गेल्या, आता वर पुन्हा “कसं केलं रे अण्णांनी?” असं लोक विचारणार आणि ते आपल्याच तोंडून सांगायचं. म्हातारा आता हसेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

अण्णा हसले नाहीत.

“काय हाय?” त्यांनी विचारलं.

वृषभने वळून पाहिलं. पिवळा उजेड अण्णांच्या तोंडावर पडला होता. चष्म्याच्या दोन्ही भिंगांत ती बाई चिमुकली होऊन उभी होती. आणि अण्णा स्क्रीनच्या वीतभर डावीकडे, भिंतीकडे बघत होते. ओठ किंचित उघडे, कान त्याच्याकडे.

“वृषभ? काळंच हाय काय अजून?”



अण्णांना दिसत नव्हतं.

अंधूक दिसणं नव्हे, कमी दिसणं नव्हे. एवढा उजेड डोळ्यांवर पडलेला आणि माणूस विचारत होता, काळंच आहे का. म्हणून पाटी काढली. म्हणून मान डोलावलेली कळली नाही. म्हणून अक्कांनी कपाचा कान बोटांत दिला. म्हणून वाचायला ये. आणि त्याला वाटलं होतं, म्हाताऱ्याची ही जुनी तऱ्हा.

अरेरे, अण्णा… असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

कारण त्याच क्षणी दुसरा एक विचार उठला, आणि तो फार शहाणा होता. या खोलीत डोळे दोनच आहेत आणि ते तुझे आहेत. चित्र आलं हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. उद्या हीच मशीन स्टुडिओत नेऊन लाव, सांग, रात्रभर बसून मीच काढली वाट. आणि यात वाईट तरी काय? दिसत नसलेला माणूस चौदा मशिनी सांभाळणार कसा? चार दिवसांत फजिती होईल, सगळ्यांच्या देखत. ती वाचव. ही तर त्यांच्यावर दयाच आहे.

दया! माणूस आपल्या हावेला काय काय नेसवतो बघा.

“हो,” वृषभ म्हणाला. “काळंच आहे.”

अण्णांच्या कपाळावर एक आठी आली. हात कार्डावर होता तो तिथेच होता.

“सगळं काळं?”

“सगळं.”

“पट्टी?”

“पट्टी सरकतेय. बाकी काळं.” त्याने ते स्वच्छ आवाजात वाचलं, मधलं काही न गाळता.

कार्डाचा पंखा घरघरायला लागला होता. शेतातली बाई आता रडत होती. वृषभला तिचं रडणंही दिसत होतं आणि अण्णांचं तोंडही, आणि दोन्हीकडे बघवत नव्हतं.

“झोपव तिला,” अण्णा म्हणाले.

त्याने मशीन झोपवली. चित्र गेलं, आवाज गेला, पंखे एकेक करून थांबले. कपाटावरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

“आता उठव.”

त्याने एक बटण दाबलं. पंखे फिरले. आणि स्क्रीन लगोलग उजळली. तीच बाई, तेच शेत, जिथे थांबवलं होतं तिथून पुढे. अकरा दिवसांचं दुसरं दुखणंही गेलं होतं. इतकी निरोगी मशीन वृषभने आयुष्यात पाहिली नव्हती.

“काय हाय?” अण्णांनी विचारलं. या वेळी फार हळू विचारलं.

“पंखे फिरतायत.”

“ते मला ऐकू येतंय. पडद्यावर काय हाय ते वाच.”

अजून वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता. अण्णांनी कपाळाला हात लावून “लबाडा!” म्हटलं असतं आणि गोष्ट हसण्यावारी गेली असती. वृषभने तोंड उघडलं…

“काही नाही,” तो म्हणाला. “उठली, पण काळीच.”

“बरं.”

एवढ्यात दाराशी बांगड्या वाजल्या. अक्का येत होत्या. वृषभने झटक्यात हात लांबवला आणि स्क्रीनचं बटण दाबलं. उजेड विझला. आता पडदा खरोखरच काळा झाला, आवाज तेवढा चालू राहिला.

“वाढू का?” अक्कांनी दारातून विचारलं. त्या घरात दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं, हे वृषभला माहीत होतं. “ऊन न्हाई त्यामुळं कळंना, पण वेळ झालीय. झालं काय काम?”

त्यांची नजर काळ्या स्क्रीनवर गेली.

“न्हाई म्हणतोय,” अण्णा म्हणाले.

अण्णांच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर वळली होती, ती अक्कांनी पुढे होऊन सरळ केली.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “वृषभ, तू बी जेवून जा बाबा. दोन घास. तोंड केवढं उतरलंय तुझं.”

“नको अक्का. गाडी चुकेल.”

त्या गेल्या. वृषभने केबली काढायला घेतल्या. मशीन बंद केली तेव्हा मालिकेतली बाई अर्ध्या वाक्यात थांबली. एक केबल तीनदा हातातून सुटली. दर वेळी खाली पडल्याचा आवाज झाला की अण्णा त्या बाजूला मान वळवत. लवकर बाहेर पडावं, रस्त्याला लागावं, एवढंच त्याला कळत होतं.

मशीन उचलण्याआधी तो सवयीने वाकला. चार वर्षं रोज संध्याकाळी निघताना तो अण्णांच्या पाया पडला होता. नको नको वाटत असतानाही अंग आपोआप वाकलं.

अण्णांचा हात पुढे आला. तो आधी त्याच्या खांद्यापलीकडे हवेत फिरला, मग कानाला लागला, मग डोक्यावर येऊन थांबला.

हात ऊन होता.

नुसता कोमट नव्हे. तव्याजवळ धरून काढावा तसा तळहात तापलेला होता, आणि तो माणूस इतका वेळ दुसरीकडे कुठेच हात लावून बसला नव्हता. मघा कार्ड गार होतं, तेव्हा त्यांनी ते गार आहे म्हणून सांगितलं होतं. मग ते तापलं. चित्र आलं तेव्हापासून तापत होतं. अण्णा सगळा वेळ हात ठेवून होते, आणि तरी त्यांनी विचारलं होतं, एकदा नाही, तीन-तीनदा विचारलं होतं.

वृषभ वाकलेलाच राहिला. त्याला वर बघता येईना.

“अण्णा… मी…”

“बाईंना काय सांगशील?” अण्णांनी विचारलं.

डोक्यावरचा हात हलला नाही, जडही झाला नाही. स्वयंपाकघरात अक्का ताटं मांडत होत्या. तीन ताटं मांडल्याचा आवाज आला.

“काय सांगशील रं?”

“सांगेन की…” वृषभला रडू फुटत होतं. “सांगेन…”

“मला जमलं न्हाई, असं सांगू नकोस,” अण्णा म्हणाले. “अण्णांना चित्र दिसलं न्हाई, एवढंच सांग. तेवढं खरं हाय.”